फळ्यावरचा प्रश्न आणि पेन्सिलीचे बक्षीस

(विहारात भरलेल्या पालकसभेतील व्याख्यान)



आजच्या सभेस माताभगिनी मोठ्या संख्येने आल्या आहेत याचा मला विशेष आनंद वाटतो; कारण मी जे सांगणार आहे त्याची निम्मी अंमलबजावणी चुलीपाशीच व्हावयाची आहे. आपणांपैकी कित्येक कुटुंबांनी अलीकडेच धम्मदीक्षा घेतली. दीक्षेनंतर मला भेटलेल्या जवळजवळ प्रत्येक मातापित्याने एक गोष्ट हटकून विचारली आहे. मुलाने शिकावे, बाबासाहेबांचे नाव राखावे अशी आमची फार इच्छा आहे. परंतु पोराचे मन शाळेत रमत नाही, त्याला काय करावे? कोणी शिकवणी लावतो, कोणी मार देतो, कोणी पास झालास तर सायकल घेऊन देईन असे आमिष दाखवितो. मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले आहे. या तिन्ही उपायांचा अनुभव मजपाशी आहे, आणि त्यांपैकी माराचा अनुभव सांगताना मला आज लाज वाटते. आपणांपुढे आज जो उपाय मांडावयाचा आहे तो याहून पुष्कळ स्वस्त आहे. त्यास एक फळा, खडूचा तुकडा, झाकणाचा रिकामा डबा आणि थोड्या पेन्सिली एवढे साहित्य पुरते.

आमच्या वस्तीतील विहाराच्या भिंतीवर एक जुना फळा टांगलेला होता. सभेची तारीख आणि वर्गणीचा हिशेब यांखेरीज त्यावर काही लिहिले जात नसे. सेवानिवृत्त झाल्यावर मी त्या फळ्याचा वरचा अर्धा भाग मुलांसाठी मागून घेतला. दर सोमवारी त्यावर एक प्रश्न लिहावयाचा. ज्यास उत्तर सुचेल त्याने ते चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकावयाचे. रविवारी बुद्धवंदना झाल्यावर डबा उघडून सर्वांसमक्ष चिठ्ठ्या वाचावयाच्या आणि एखादे लहानसे बक्षीस द्यावयाचे, असा क्रम ठरविला.

प्रश्न पाठ्यपुस्तकातील नसावा, ही माझी अट होती. अमुक देशाची राजधानी कोणती, अमुक लढाई कोणत्या साली झाली, हे विचारणे म्हणजे पाठांतराची झडती होय. ज्याला ते येते त्याला आधीच येते; ज्याला येत नाही त्याने आठवडाभर डोके खाजविले तरी त्याला ते येणार नाही. कुतूहलाचा प्रश्न असा असावा की, ज्याचे उत्तर मुलास आपल्या डोळ्यांनी व हातांनी शोधता येईल. थंडीत खोबरेल तेल का गोठते आणि तीळाचे का गोठत नाही? गार पाण्याने भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम कोठून येतो? मुंग्या एकीमागून एकच का चालतात, आणि त्यांच्या वाटेवर बोट फिरविले तर क्षणभर का गोंधळतात? असे प्रश्न आपल्या घरात व अंगणात रोज पडलेले असतात. आपण त्यांना ओलांडून जातो, एवढेच.

पहिला प्रश्न मी असा लिहिला : वारा पडलेला असतानाही पिंपळाचे पान का हलते?

पहिल्या आठवड्यात अकरा चिठ्ठ्या आल्या. त्यांपैकी सात चिठ्ठ्यांत मुंजा होता. पिंपळावर मुंजा राहतो, तो पाने हलवितो, असे मुलांनी मोठ्या विश्वासाने लिहिले होते. ही मुले दीक्षा घेतलेल्या घरांतील होती, हे ध्यानात घ्यावे. घरातला देव्हारा उतरला होता, त्या जागी बावीस प्रतिज्ञांची तसबीर लागली होती. परंतु पिंपळावरचा मुंजा मुलांच्या मनातून उतरला नव्हता. ज्या वृक्षाखाली तथागतांस संबोधी प्राप्त झाली त्याच वृक्षाला आमची मुले तिन्हीसांजेला भीत होती.

मी त्यांस दोष दिला नाही. रविवारी पिंपळ, वड आणि आंबा या तिन्ही झाडांची पाने देठासकट आणविली व देठ चिमटीत धरून हळूच फुंकर घालावयास सांगितले. आंब्याचे पान ताठ राहिले, वडाचे जेमतेम डुलले, पिंपळाचे मात्र लगेच थरथरले. तिसरीतील एक मुलगी पाने उलटीसुलटी करीत म्हणाली, "गुरुजी, याचा देठ लांब आहे, आणि बारीक आहे." उत्तर तेवढेच होते. देठ लांब, बारीक व लवचीक. वर पान रुंद. त्यामुळे आपल्या कातडीला न जाणवणारी झुळूकही त्या पानास जाणवते. पेन्सिल त्या मुलीस मिळाली. परंतु खरे बक्षीस मला दोन दिवसांनी मिळाले. चिठ्ठीत मुंजा लिहिणाऱ्यांपैकी एका मुलाची आई रागारागाने माझ्या दारी आली व म्हणाली, "गुरुजी, तुम्ही पोराला दिवे लागायच्या वेळी पिंपळाखाली कशाला पाठविले?" मी त्याला पाठविले नव्हते. तो आपण होऊन गेला होता.

दुसरी हकीकत भाकरीची. ज्वारीचे पीठ कढत पाण्यात मळले तर भाकरी चांगली थापली जाते, गव्हाची कणीक मात्र गार पाण्यात भिजविली तरी पोळी लाटता येते, असे का? हा प्रश्न मी हेतुपुरस्सर लिहिला होता. आमच्या वस्तीतील अनेक माता निरक्षर आहेत. मुलांच्या अभ्यासाशी आपला काही संबंध नाही, अशी त्यांची समजूत झालेली असते. मुलाने दप्तर उघडले की त्या दबक्या पावलांनी बाजूस होतात. या प्रश्नाने मुलांस त्यांच्याकडेच जावे लागले. पाचवीतील एका मुलीच्या आईने दोन वेगवेगळे गोळे करून तिला दाखविले. कणकेचा गोळा पाण्याखाली चोळीत चोळीत धुतला तर शेवटी रबरासारखा चिवट चोथा हाती राहतो. ज्वारीचा गोळा तसाच धुतला तर विरघळून वाहून जातो. गव्हात हा चिवट अंश असतो व तो पिठास बांधून ठेवतो. ज्वारीत तो नसल्यामुळे कढत पाण्याने पिठातील स्टार्च फुगवून चिकट करून घ्यावा लागतो. शास्त्रीय कारण मी सांगितले, परंतु प्रयोग त्या माऊलीचा होता. मुलीने चिठ्ठीवर आपले नाव लिहून पुढे आईचेही नाव लिहिले होते. मी दोघींपुढे एकेक पेन्सिल धरली. "मला काय करायची पेन्सिल, गुरुजी?" असे ती बाई म्हणाली, पण तिने ती घेतली.

आता बक्षिसाकडे वळतो, कारण येथे माझी चूक झाली आणि ती आपण करू नये असे मला वाटते.

चिठ्ठ्या वाढू लागल्या तेव्हा मला हाव सुटली. एका दात्याने कंपासपेट्या दिल्या. मी फळ्यावर प्रश्नाखालीच मोठ्या अक्षरांत लिहिले की, अचूक उत्तरास कंपासपेटी मिळेल. त्या आठवड्यात डबा भरून वाहिला. परंतु महिनाभरात काय झाले ते ऐका. चिठ्ठ्यांतील भाषा एकसारखी दिसू लागली, कारण मोठे भाऊ मोबाइलवर शोधून उत्तरे लिहून देऊ लागले. ज्यांच्या घरी महाविद्यालयात जाणारे कोणी होते अशी तीनचार मुलेच आळीपाळीने बक्षिसे नेऊ लागली. लहान मुलांनी चिठ्ठ्या टाकणे सोडून दिले. पुढे कंपासपेट्या संपल्या आणि त्या आठवड्यात डब्यात दोनच चिठ्ठ्या निघाल्या. एका मुलाने तर मला स्पष्ट विचारले, "आज बक्षीस काय आहे ते आधी सांगा, मग लिहितो." हे त्या मुलाला मीच शिकविले होते.

पुढे वाचनात आले की, या गोष्टीचा अभ्यास फार पूर्वी होऊन गेलेला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की, चित्र काढाल तर सोनेरी शिक्का व फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना काही न सांगता, चित्र काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अवचित दिले. उरलेल्यांना काहीच दिले नाही. पुढे एकदोन आठवड्यांनी वर्गात रंगीत पेने मोकळी ठेवली व कोण किती वेळ चित्रे काढतो ते लपून पाहिले. बक्षीस कबूल करून ज्यांच्याकडून चित्रे काढून घेतली होती ती मुले आता इतरांच्या निम्माच वेळ चित्रांवर घालवीत होती. अवचित बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र कमी झाली नव्हती. खेळ होता त्याचे काम झाले, आणि मजुरी बंद होताच काम थांबले, असा त्याचा अर्थ लावता येईल.

याचा अर्थ बक्षीस वाईट असा नाही. ज्याला अद्याप गोडीच लागलेली नाही त्या मुलास फळ्याच्या दारापर्यंत आणावयास पेन्सिल उपयोगी पडते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. परंतु बक्षीस कशाचे द्यावे, केव्हा द्यावे आणि कोणते द्यावे, याचा विचार हवा. आम्ही फळ्यावर बक्षिसाचे नाव लिहिणे बंद केले. ते कधी असते, कधी नसते. अचूक उत्तराऐवजी ज्या चिठ्ठीत स्वतः पाहिलेले काही आढळते तिला ते देतो. उत्तर चुकलेले असले तरी चालते. मुंग्यांच्या प्रश्नाला एका मुलाने लिहिले होते की, पुढची मुंगी मागचीला हाक मारते. हे चूक आहे. मुंगी वाटेवर गंध सोडीत जाते. परंतु तो मुलगा अर्धा तास जमिनीवर पालथा पडून कान लावून ऐकत होता, हे त्याच्या सदऱ्यावरून दिसत होते. त्याला भिंग दिले. आणखी एक नियम केला : जो मुलगा फळ्यासाठी नवा प्रश्न आणील त्याचाही मान उत्तर देणाऱ्याइतकाच.

बक्षीस कोणते द्यावे याचे याहून मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथासाठी बाबासाहेबांनी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत ते त्यांनी स्वतः नमूद केले आहे. इंग्रजी चौथीची परीक्षा ते उत्तीर्ण झाले तेव्हा समाजातील मंडळींनी त्यांचा जाहीर सत्कार करण्याचे ठरविले. सुभेदार रामजींस ते पसंत पडेना. पोराने एक परीक्षा तर दिली आहे, सत्काराने त्याच्या डोक्यात वारे शिरेल, अशी त्यांची भीती होती. कबूल केलेल्या बक्षिसाविषयी मानसशास्त्रज्ञांनी जे पुढे प्रयोगाने दाखविले त्याच जातीची ही शंका त्या वृद्ध सुभेदारांच्या मनात आली होती, असे मला वाटते. अखेर त्यांचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी रदबदली केली, सभा झाली, आणि सभेच्या शेवटी केळुसकरांनी मुलाच्या हाती स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले. ना सोने, ना वस्त्र, एक पुस्तक. त्या पुस्तकाने काय केले ते आपण सर्व जाणतोच, कारण आपण आज या विहारात बसलो आहोत.

परंतु त्या हकीकतीतील पुढचा भाग आपण फारसा सांगत नाही, आणि आजच्या सभेस तोच अधिक उपयोगाचा आहे. पुस्तक वाचल्यावर मुलाच्या मनात प्रश्न उठला. वडील आपणांस बौद्ध वाङ्मय का दाखवीत नाहीत? ज्या ग्रंथांत ब्राह्मण-क्षत्रियांची थोरवी आणि शूद्र-अस्पृश्यांची हीनता वर्णिली आहे तेच ग्रंथ वाचण्याचा आग्रह का धरतात? त्याने हे वडिलांस सरळ विचारले. वडिलांना ते रुचले नाही. मुलांनी असले प्रश्न विचारू नयेत, सांगितले तेवढे करावे, अशा अर्थाचे त्यांनी सुनावले. काही दिवसांनी मुलाने धीर करून पुन्हा विचारले. या वेळी मात्र सुभेदारांपाशी उत्तर तयार होते. आपण अस्पृश्य म्हणून तुमच्या मनात न्यूनगंड निर्माण होऊ नये, यासाठी ते वाचावयास सांगतो, असे म्हणून त्यांनी द्रोण, कर्ण व वाल्मीकी यांचे दाखले दिले. मुलाचे त्याने पुरते समाधान झाले नाही, ही गोष्ट निराळी. मला त्यात मोठेपणा दिसतो तो असा की, पहिल्या दिवशी रागावलेल्या पित्याने मधल्या काळात मुलाच्या प्रश्नाचा विचार केला होता. आपणांपैकी किती जण मुलाचा प्रश्न रात्री उशाशी घेऊन झोपतात?

आपण ज्याचे अनुयायी झालो त्या शास्त्याची रीतही प्रश्नाचीच होती. राहुल लहान असताना त्याला उपदेश करावयाचा होता तेव्हा भगवंतांनी भांड्यात थोडे पाणी शिल्लक ठेवून, हे तुला दिसते काय, असे विचारून आरंभ केला. आणि पुढे विचारले की, आरसा कशासाठी असतो? कोणत्याही लेकरास उत्तर देता येईल असा हा प्रश्न आहे. राहुलाने उत्तर दिले, आणि त्या उत्तरावरच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना व केल्यावर तिच्याकडे पाहण्याची शिकवण उभी राहिली. सोपाक हा सात वर्षांचा श्रामणेर. परंपरा त्याला स्मशानात सोडून दिलेले पोर म्हणून ओळखते. त्याला विचारलेले दहा प्रश्न 'कुमारपञ्ह' या नावाने आजही त्रिपिटकात आहेत, आणि त्यांपैकी पहिल्याचे उत्तर प्राणिमात्राच्या आहाराविषयी आहे. म्हणजे भुकेल्या पोराला सर्वांत आधी कळणारी गोष्ट. त्याची उत्तरे ऐकून त्या वयात त्याला उपसंपदा देण्यात आली, अशी कथा आहे. औरंगाबादेस १९५० साली सुरू झालेल्या महाविद्यालयाला पुढे मिलिंदाचे आणि त्या परिसराला नागसेनाचे नाव मिळाले. एक प्रश्न विचारणारा राजा, दुसरा उत्तर देणारा भिक्खू. या नावांचा अर्थ आपल्या मुलांना ठाऊक आहे काय, हाही एखाद्या सोमवारचा प्रश्न होऊ शकेल.

मुलाने विचारलेले आपणांस येत नसेल तर काय करावे, असे मला पुष्कळ माता विचारतात. "मला ठाऊक नाही, आपण मिळून पाहू," असे म्हणावे. त्याने आईबापाची किंमत कमी होत नाही. मी तीस वर्षे गुरुजी होतो आणि हे वाक्य उच्चारावयास मला त्यांतील वीस वर्षे लागली.

मात्र काही प्रश्न असे येतात की, ज्यांचे उत्तर ठाऊक नसल्यामुळे आपण गप्प बसत नाही. ठाऊक असल्यामुळे बसतो. गेल्या पावसाळ्यानंतरच्या एका रविवारी डब्यातून सातवीतील एका मुलीची चिठ्ठी निघाली. तिने फळ्यासाठी प्रश्न दिला होता : आपल्या वस्तीत नळाला पाणी सर्वांत शेवटी आणि थोडे का येते?

विहारात शांतता पसरली. एक वडीलधारे गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, हे मुलांचे काम नव्हे. उद्या गावात बोलणी आपल्याला खावी लागतील." खरे सांगतो, ती चिठ्ठी घडी करून खिशात टाकण्याचा मोह मलाही झाला होता. मग मला सुभेदारांचे पहिले उत्तर आठवले. बाबासाहेब शाळेत गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे निघाले तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातील मुलांनी गलका केला होता, ही हकीकत आपण मुलांस सांगतो; आणि आता आमच्याच विहारातील फळ्याकडे आलेल्या मुलीस आम्ही अडविणार होतो. सोमवारी मी तो प्रश्न तिच्या नावासह फळ्यावर लिहिला.

कोणावर आरोप करावयाचा नाही, फक्त पाहावयाचे आणि लिहावयाचे, एवढे मी मुलांना बजावले. गावात तीन ठिकाणी तीन तुकड्या बसल्या. पाणी किती वाजता आले, किती वाजता गेले, एक घागर भरण्यास किती वेळ लागला, हे त्यांनी चौदा दिवस वहीत लिहिले. नळाची वाट टाकीपासून पावलांनी मोजली. आमची वस्ती उंचवट्यावर आहे आणि नळाच्या अगदी टोकाला आहे. चढ आणि लांबी यांमुळे पाण्याचा दाब कमी होतो, हे मुलांनी नळीला भोके पाडून, ती तिरपी धरून, स्वतः करून पाहिले. पाणी थोडे का येते त्याचा बराच उलगडा याने झाला. ते इतके उशिरा का येते, आणि सर्वांच्या आधी का थांबते, याचा झाला नाही. कारण मध्ये एक व्हॉल्व्ह आहे, आणि तो माणसाच्या हाताने उघडतो व बंद होतो. वहीत त्या वेळाही लिहिलेल्या आहेत. निष्कर्ष मुलांनी लिहिलेला नाही. मीही लिहू दिला नाही. तो ग्रामसभेत विचारावयाचा आहे.

त्या मुलीस बक्षीस काय द्यावे ते मला सुचेना, म्हणून मी तिलाच विचारले. ती म्हणाली, "वही भरत आली आहे, गुरुजी. दुसरी द्या."

भरलेली वही मी आज सोबत आणली आहे. ती येथे फळ्याखाली ठेवतो. सभा संपल्यावर आपण सर्वांनी ती पाहावी. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी आपल्या मुलाकडून वाचवून घ्यावी. ग्रामसभेस मुलांबरोबर कोण कोण येणार, त्यांनी शेवटच्या पानावर नाव लिहावे किंवा अंगठा उठवावा. खाली पेन्सिल बांधून ठेवली आहे.

जयभीम.